हुकूम आणि पोच : खोडदच्या दुर्बिणीची वाटचाल

परभणीकडच्या शेतकऱ्याला रात्रीच्या लाइनचं दुःख समजावून सांगायला नको. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आलेली आणि थ्री फेज येणार मध्यरात्री. मग हातात बॅटरी, पायात बूट, आणि बांधावरून साप-विंचू चुकवत विहिरीपर्यंत जायचं. कशासाठी, तर स्टार्टरचं हिरवं बटण दाबायला. आता अनेक विहिरींवर स्टार्टरशेजारी सिमकार्डाची एक छोटी पेटी असते. घरून फोन लावला किंवा मेसेज टाकला की मोटार सुरू होते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे अशाच जातीचं उपकरण. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याचा गौरव झाला. पण घरून मेसेज टाकणारा माणूस लगेच पांघरूण ओढत नाही. तो थांबतो. मोटार चालू झाल्याचा निरोप उलटा आला, की मगच डोळे मिटतो.

त्या पेटीच्या पोटातही हेच चालतं. आतला मायक्रोकंट्रोलर शेजारच्या मोबाइल मॉड्यूलशी दोन तारांवरून बोलतो, आणि तेही साध्या अक्षरांत. प्रत्येक आज्ञेची सुरुवात ‘ए-टी’ या दोन अक्षरांनी, म्हणजे ‘अटेन्शन’, इकडे लक्ष दे. मॉड्यूल काम करतं आणि ‘ओके’ अशी दोन अक्षरं परत पाठवतं. ही रीत अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या 1981 च्या टेलिफोन मोडेमपासून सुरू झाली. मोडेम भंगारात गेले, त्यांची भाषा मात्र आपल्या विहिरींवर येऊन बसली.

हुकूम आणि पोच, एवढाच हा व्यवहार. महाराष्ट्रात हा व्यवहार फार मोठ्या पसाऱ्यावर मांडला तो पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला. तिथली ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजे जीएमआरटी, ही एकच दुर्बीण आहे. पण तिचे डोळे तीस आहेत आणि ते पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेले आहेत. ताऱ्यांबद्दल या दुर्बिणीनं काय शोधलं हे वाचकांच्या कानावर येत असतं. त्या तीस डोळ्यांना एका खोलीतून हलवणारी यंत्रणा कशी उभी राहिली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

कल्याण, उटी, खोडद

या कहाणीचा पहिला मुक्काम कल्याण आहे. होमी भाभांच्या बोलावण्यावरून गोविंद स्वरूप 1963 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल इथे वापरून झालेल्या, 1.8 मीटर व्यासाच्या 32 थाळ्या भारताला भेट मिळाल्या होत्या. त्या कल्याणला रांगेत उभ्या करून 1965 मध्ये सूर्याची निरीक्षणं सुरू झाली. दुसऱ्याच्या जुन्या सामानावर उभं राहिलेलं हे आपलं पहिलं मोठं रेडिओ-खगोलशास्त्रीय साधन.

दुसरा मुक्काम उटीचा. तिथल्या डोंगरउताराचा तिरपेपणा बरोबर त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, सुमारे 11 अंश, निवडला होता. त्यामुळे 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद अशी अजस्र पन्हाळीसारखी दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाली. एकाच अक्षाभोवती फिरवली की ती तासन् तास ताऱ्याच्या मागे राहू शके. ही दुर्बीण 1970 मध्ये सुरू झाली. जागा हुशारीनं निवडली, तर यंत्राचं निम्मं काम जमीनच करते, हे स्वरूप यांनी तिथे दाखवलं.

खोडदच्या दुर्बिणीची कल्पना 1984 च्या सुमाराची. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी ऐकायच्या तर प्रचंड मोठी थाळी हवी. ती एक करण्यापेक्षा अनेक थाळ्या दूर दूर उभारून त्यांचे संदेश एकत्र करायचे, हा मार्ग ठरला. जागा हवी होती रेडिओगोंगाटापासून दूर, पण पुण्यापासून फार लांब नको. जुन्नरच्या डोंगरांच्या आडोशाला ती सापडली. प्रत्येक थाळीचा व्यास 45 मीटर. पण ती भरीव पत्र्याची नाही. पोलादी दोऱ्या ताणून त्यांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी बसवलेली. लहर लांब आणि जाळीची भोकं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची. त्यामुळे रेडिओलहरींना ती चाळणी सलग आरशासारखी भासते, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. वजन घटलं, खर्च घटला, आणि तीस थाळ्या परवडल्या.

त्यांतल्या चौदा मध्यभागी एक किलोमीटरच्या आसपास गोळा केल्या. उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा नावांनी, गावागावांच्या शेतांमधून पसरल्या. प्रत्येक फाटा सुमारे 14 किलोमीटरचा. 4 ऑक्टोबर 2001 रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली आणि 2002 पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली.

थाळीच्या पायथ्याशी

थाळ्या उभ्या राहिल्या, पण खरा पेच पुढे होता. आकाश स्थिर राहत नाही. पृथ्वी फिरते म्हणून तारा दर चार मिनिटांनी एक अंश सरकतो. तीसही थाळ्यांनी एकाच वेळी, एकाच बिंदूकडे, त्याच वेगानं वळत राहायला हवं. प्रत्येक थाळीपाशी माणूस ठेवून ‘आता वळव’ असं ओरडून हे होणारं नाही. शिवाय नुसतं वळवून भागत नाही. थाळीच्या नाभीशी, म्हणजे फोकसपाशी, वेगवेगळ्या लहरींसाठीचे ग्राहक (रिसीव्हर) एका फिरत्या चौकटीवर बसवलेले असतात. आज कोणता ग्राहक थाळीसमोर आणायचा, संदेश किती वाढवायचा, किती दाबायचा, कोणती चाचणी लावायची, हे सगळं दर निरीक्षणाला बदलतं.

म्हणून मधल्या इमारतीपासून, म्हणजे सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स बिल्डिंगपासून, प्रत्येक थाळीपर्यंत काचेच्या तंतूची केबल जमिनीखालून नेली. ताऱ्याचा संदेश थाळीकडून मध्याकडे याच तंतूवरून येतो, आणि मध्याकडून हुकूमही याच वाटेनं जातात. थाळीच्या काँक्रीटच्या बुंध्यात एक खोली असते. तिथे ‘अँटेना बेस कॉम्प्युटर’ बसवला. मध्यातून आलेली आज्ञा तो वाचतो आणि ज्याच्या त्याच्या हवाली करतो. वळण्याची आज्ञा मोटारी सांभाळणाऱ्या सर्वो संगणकाकडे, ग्राहकांची आज्ञा त्या त्या नियंत्रण-कार्डाकडे.

ही कार्डं छोट्या मायक्रोकंट्रोलरची, आणि त्यांची जोडणी आरएस-485 या मानकाची. दोन वळलेल्या तारा आणि त्यांवर टांगलेली सगळी कार्डं. सगळ्यांना सगळं ऐकू येतं. पण ज्याचा क्रमांक पुकारला, त्यानंच उत्तर द्यायचं. शाळेतली हजेरी आठवा. बाई क्रमांक घेतात, तोच पोरगा ‘हजर’ म्हणतो. दोघं एकदम बोलले तर हजेरी बिघडते. उत्तरच आलं नाही, तर बाई मान वर करून पाहतात. या तारांवरचा सगळा शिष्टाचार एवढाच आहे.

‘सीरियल’ म्हणजे काय, तेही इथेच सांगून टाकतो. एका अक्षराचे आठ बिट एकामागोमाग एक, एकाच तारेवरून जातात. आधी एक सुरुवातीचा आणि शेवटी एक थांब्याचा. म्हणजे एका अक्षराला दहा बिट. तारेचा वेग सेकंदाला 9,600 बिट असेल तर 960 अक्षरं जातात. आजच्या मोबाइलपुढे हा वेग गोगलगाईचा. पण ‘पश्चिमेची सहावी थाळी इतक्या अंशांवर वळव’ एवढं सांगायला ओळीभर अक्षरं पुरतात. इथे वेगापेक्षा खात्री महत्त्वाची.

आज्ञांची फाइल

अक्षरांतून यंत्र हलवायची ही रीत खगोलशास्त्रात जुनी आहे. चार्ल्स मूर यांची ‘फोर्थ’ ही संगणकभाषा 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत किट पीकवरच्या रेडिओ दुर्बिणीसाठीच वापरात आली. शब्द टाइप करायचा, यंत्रानं तो लगेच पाळायचा, असा तिचा स्वभाव. हौशी आकाशनिरीक्षकांच्या छोट्या दुर्बिणींतही तेच झालं. मीड कंपनीच्या एलएक्स-200 दुर्बिणीची आज्ञा कोलननं सुरू होते, मध्ये दोन-तीन अक्षरं, शेवटी हॅशचं चिन्ह. ‘जी-आर’ म्हटलं की दुर्बीण सध्या जिथे रोखली आहे त्या जागेचा विषुवांश, म्हणजे आकाशातला एक निर्देशांक, आकड्यांत सांगते. ‘एम-एस’ म्हटलं की वळते. पण ज्या ताऱ्याकडे वळायला सांगितलं तो क्षितिजाखाली असेल, तर वळत नाही, तसं कळवते. नकार हीसुद्धा एक पोच असते.

खोडदला निरीक्षणाला आलेला संशोधक थाळ्यांपाशी जात नाही. तो आज्ञांची एक फाइल लिहितो आणि नियंत्रण कक्षातले ऑपरेटर ती चालवतात. फाइलचा ढाचा कुणालाही वाचून कळेल असा. पहिली ओळ : ताऱ्यांची यादी घे. दुसरी : यादीतला अमुक स्रोत निवड, तो बहुधा ‘थ्री-सी 286’सारखा, केंब्रिजच्या तिसऱ्या सूचीतला, ज्याची तीव्रता आधीच ठाऊक आहे असा. तिसरी : या स्रोताचा पत्ता थाळ्यांना कळव, बारा तासांसाठी. मग : तिकडे वळा. मग : दोन मिनिटं थांब. मग : नोंद सुरू कर. दहा मिनिटांनी : नोंद बंद कर. पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या स्रोताकडे.

मधली ती दोन मिनिटं बाहेरच्या माणसाला वाया गेल्यासारखी वाटतील. पण 45 मीटरची थाळी मिनिटाला वीस-तीस अंशांपेक्षा जास्त फिरत नाही. वळली, तरी हेलकावा शमेपर्यंत तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पडद्यावर तीस रकाने असतात. प्रत्येक थाळी कुठे रोखली आहे आणि कुठे असायला हवी, यातला फरक तिथे दिसतो. तो फरक मिटला की ती थाळी पोहोचली. एखादी मागे राहिली तर ऑपरेटर तिला गटातून बाजूला काढतो आणि बाकीच्यांवर निरीक्षण चालू ठेवतो. तीस थाळ्यांचे गट पाडून दोन वेगळी कामं एकाच वेळी करायची सोयही याच आज्ञांमध्ये आहे.

वारा, सूर्य आणि आपलाच गोंगाट

दूरच्या यंत्राला नुसतं आज्ञाधारक करून चालत नाही. त्याला थोडी स्वतःची अक्कलही द्यावी लागते. वारा ताशी 40 किलोमीटरच्या वर गेला की निरीक्षण थांबवायचं आणि थाळ्या वर आकाशाकडे तोंड करून उभ्या करायच्या, असा इथला दंडक. वाऱ्यानं थाळी ढकलली जात असताना केबल तुटली, तर मध्यातून कुणी सांगायची वाट बघत बसता येत नाही. म्हणून थाळी फिरायच्या हद्दीही तिच्यापाशीच बांधलेल्या असतात. आडव्या फिरण्यात ती मध्यापासून दोन्ही बाजूंना 270 अंशांपर्यंत जाते, त्यापुढे नाही. नाहीतर आतल्या केबलांना पीळ पडेल. मर्यादेचा स्विच लागला की वरून आलेला हुकूम कितीही खणखणीत असो, मोटार थांबते.

सूर्याकडे वळायचं तर आणखी एक काळजी. दूरच्या तारकाविश्वांसाठी संवेदनशील ठेवलेल्या ग्राहकांना सूर्याचा रेडिओआवाज झेपत नाही. त्यासाठी 14, 30 आणि 44 डेसिबलची दाबणी लावायची सोय आहे, आणि तीही आज्ञेनं. ती लावायला विसरला तर निरीक्षण फुकट.

आणि सगळ्यात अवघड शत्रू घरचाच. ज्या मायक्रोकंट्रोलरकडून थाळी चालवायची, त्याच्या घड्याळाचे ठोके स्वतःच रेडिओलहरी फेकतात. शेकडो कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली कुजबुज ऐकायची आणि कानाशीच कुणी टकटक करत बसलेलं! म्हणून अशी इलेक्ट्रॉनिक्स धातूच्या बंद पेट्यांत कोंडावी लागते आणि तारा गाळणीतून बाहेर काढाव्या लागतात. थाळीच्या नाभीजवळचं कार्ड जितकं कमी बडबड करेल तितकं बरं. मोजक्या अक्षरांची संथ भाषा इथे आणखी एका कारणानं उपयोगी पडली.

जुनं बदलताना

यंत्र दहा-पंधरा वर्षं चाललं की सुटे भाग मिळेनासे होतात. खोडदनंही ते पाहिलं. आधीच्या रचनेत ठरावीक लहरलांबींचेच पट्टे ऐकू येत आणि एका वेळी 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा संदेश घेता येई. सुधारित दुर्बिणीत 120 ते 1,450 मेगाहर्ट्झमधला बहुतेक पल्ला चार पट्ट्यांत खुला झाला आणि रुंदी 400 मेगाहर्ट्झपर्यंत गेली. त्याबरोबर नियंत्रणही बदललं. थाळीपर्यंत इथरनेट आलं, कार्डं नवी आली, आणि मध्याचं सॉफ्टवेअर ‘टँगो’ या खुल्या चौकटीवर नव्यानं उभारलं गेलं.

दुर्बीण बंद ठेवून हे करायची चैन नव्हती. जगभरच्या लोकांना वेळ वाटून दिलेली असते. म्हणून एकेक थाळी बदलत, जुन्या आणि नव्या यंत्रणा शेजारी शेजारी चालवत काम केलं गेलं. आतली तार बदलली, कार्ड बदललं, पण ‘अमुक स्रोताकडे वळ, वळल्याचं सांग’ हा संवाद तोच राहिला. ज्या संस्थेचा हुकूम माणसाला वाचता येण्यासारखा लिहिलेला असतो, तिला आतलं यंत्र बदलताना भीती वाटत नाही. दहा वर्षांपूर्वीची फाइल नवा माणूस उघडतो आणि त्याला कळते.

याच अनुभवाच्या बळावर दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या ‘टेलिस्कोप मॅनेजर’ची आखणी करणाऱ्या गटाचं नेतृत्व खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आलं. थाळ्या कुणाच्याही देशात असोत, त्यांना कसं हाकायचं याचा जाणता आता खोडदला होता.

पोच आली, पोच थांबली

या यंत्रणेनं काय पदरात टाकलं, याची यादी मोठी आहे. दोनच गोष्टी पुरेत. 2020 मध्ये आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 7,653 तारकाविश्वांचे क्षीण संदेश एकत्र करून सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वीच्या अणुरूप हायड्रोजनचं मोजमाप केलं. एकेका विश्वाचा संदेश इतका दुबळा, की तो वेगळा ऐकूच येत नाही. सुमारे शंभर तास थाळ्या ठरलेल्या लक्ष्यांकडे इमानानं रोखलेल्या होत्या, म्हणून ते जमलं. त्याच वर्षी आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेनं जीएमआरटीला ‘माइलस्टोन’चा मान दिला. जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कार्यानंतर भारताला मिळालेला हा तिसरा. दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप मात्र तो पाहायला नव्हते. 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं होतं.

दुसरी गोष्ट 19 ऑक्टोबर 2016 ची. युरोपीय अवकाश संस्थेचं ‘स्कियापरेली’ हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओसंदेश खोडदच्या थाळ्या थेट ऐकत होत्या. यान वातावरणात शिरलं, छत्री उघडली, संदेश येतच होता. जमिनीला टेकायच्या थोडा वेळ आधी तो थांबला. नंतरच्या चौकशीत कळलं, की यानाच्या हालचाल मोजणाऱ्या उपकरणानं क्षणभर चुकीचं माप दिलं, संगणकानं उंची शून्याखाली गेली असा हिशेब केला, आणि आपण उतरलो असं समजून ब्रेकची इंजिनं बंद केली. हुकूम चोख पाळला गेला होता; माप खोटं होतं. यान कोसळलं हे पुढे छायाचित्रांतून सिद्ध झालं, पण काहीतरी बिनसलं हे आधी कळलं ते खोडदला थांबलेल्या आवाजातून.

औंढ्याच्या वाटेवर

परभणीच्या वाचकानं हे सगळं का वाचायचं? 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या आणि आता हिंगोलीत गेलेल्या औंढा नागनाथ परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि त्याच वर्षी 11 मे रोजी पायाभरणी झाली. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यातच, 29 जून 2023 रोजी, खोडदच्या थाळ्यांनी टिपलेल्या स्पंदकांच्या (पल्सर ताऱ्यांच्या) नोंदी वापरून भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर केला. एकाच जातीच्या लहरींच्या शोधात महाराष्ट्राची दोन टोकं जोडली गेली.

लायगोत थाळ्या नसतील. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या असतील, आत जवळजवळ संपूर्ण निर्वात, आणि दोन्ही टोकांना लटकलेले आरसे. पण निर्वात पंप, दाबमापकं, झडपा, तापमापकं, भूकंपमापकं ही सगळी मंडळी दूरवर विखुरलेली असतात आणि त्यांना एका खोलीतूनच हाकावं लागतं. अशा उपकरणांच्या पाठीला आजही सीरियलचं छिद्र असतं, आणि त्यांच्या माहितीपुस्तिकेत अक्षरी आज्ञांचं कोष्टक असतं. ते वाचता येणारा माणूस डॉक्टरेटच झालेला असायला हवा असं नाही. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक केलेला, तारेचं टोक नीट सोलता येणारा आणि आलेलं उत्तर काळजीपूर्वक वाचणारा माणूस तिथे लागेल.

म्हणून परभणी-हिंगोलीतल्या शिक्षकांना एक विनंती. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांना पाहता येते. मुलांना एकदा तिकडे न्या. आणि परत आल्यावर प्रयोगशाळेत दोन छोटी मायक्रोकंट्रोलर कार्डं, दोन तारा आणि एक दिवा घेऊन बसवा. एका कार्डानं ‘दिवा लाव’ म्हणायचं, दुसऱ्यानं लावायचा आणि ‘लावला’ असं लिहून कळवायचं. मग तार उपटून टाका आणि मुलांना विचारा, आता पहिल्या कार्डानं काय समजायचं. विहिरीवरचा मेसेज येईपर्यंत जागा राहणारा बाप ज्या मुलानं पाहिला आहे, त्याला याचं उत्तर शिकवावं लागणार नाही.